बरे झालेल्यांची कैद

घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे १९ वे कलम सांगते. दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारही या कायद्याच्या व्याख्येत येतात. म्हणजे व्यसनाने खचलेला माणूस उपचाराचा हक्कदार आहे, दयेचा याचक नव्हे.

पण बरा झालेला रुग्ण जाणार कोठे? त्याच्यासाठी निवारागृहे व वस्तीपातळीवरील सेवा उभारण्याची जबाबदारी हाच कायदा शासनावर टाकतो. दारूवरचा कर हक्काने वसूल करणाऱ्या शासनाला येथे हात आखडता घेण्याचा अधिकार नाही.

अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केले. तेथे व्यसनातून सुटलेलेच पुढे कार्यकर्ते झाले. ज्यांना घरादाराने ओवाळून टाकले होते, त्यांनीच इतरांना सावरले. मात्र अशा संस्थांच्या पुण्याईवर शासनाने निर्धास्त राहावे, हे चालणार नाही.

बरे होऊनही किती माणसे अद्याप रुग्णालयात आहेत, याचा जाब कार्यकर्त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत विचारला पाहिजे. आणि उपचार घेऊन परतलेल्या कामगाराला कामावर घेण्याचा प्रश्न कामगार संघटनांनी बोनसच्या मागणीइतक्याच नेटाने लढवला पाहिजे. आजवर तो मागणीपत्रकात क्वचितच आला आहे.