शेजारी कॅन्सर नको!

एडिंबरोच्या वेस्टर्न जनरल रुग्णालयात १९९३ साली मॅगी केझ्विक जेंक्स या बाईंना डॉक्टरांनी सांगितले की, कॅन्सर उलटला आहे आणि हाती दोन-तीन महिनेच आहेत. बाहेर पुढचे रुग्ण खोळंबले होते. त्यामुळे एवढे ऐकल्यावर नवरा-बायकोला बसायला मिळाला तो बिनखिडकीचा बोळ. बाई त्यानंतरही दीड-दोन वर्षे जगल्या, आणि तेवढ्या अवधीत त्याच आवारातल्या जुन्या दगडी तबेल्यात आजाऱ्यांसाठी एक घर त्यांनी योजले. १९९५ साली त्या गेल्या. १९९६ साली वास्तुविशारद रिचर्ड मर्फी यांनी केलेले ते घर उघडले.

माणसे येत गेली, घर पुरेना. मर्फींनीच ते पुढे वाढवले, २०१८ सालीही. हे काम वाटते तितके सोपे नाही. त्या वास्तूचा सगळा गुण तिच्या लहानपणात. आत शिरताच समोर नोंदणीचा काउंटर नाही, स्वयंपाकघरातले टेबल आहे. वेळ घेऊन यायला नको, पैसे द्यायला नकोत; चहा आपला आपण करून घ्यायचा. अशा घराला चार खोल्या जोडताना त्याचा दवाखाना होऊ द्यायचा नाही, ही खरी परीक्षा. त्या घरातून उभ्या राहिलेल्या संस्थेची आता अनेक केंद्रे आहेत आणि त्यांच्या वास्तुविशारदांना जे टिपण दिले जाते त्यात संडासाचाही विचार आहे: रांगेने, दाराखाली फट ठेवलेले संडास नकोत; माणसाला आत जाऊन मोकळेपणी रडता आले पाहिजे.

दाराखालच्या फटीचा विचार! आपल्याकडे कोणत्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला आहे? आपण इमारत वाढवतो म्हणजे चटईक्षेत्र मोजतो, एक मजला चढवतो आणि देणगीदाराच्या नावाची पाटी दर्शनी भागात ठोकतो. यंत्राला देणगीदार मिळतो, वातानुकूलित विभागाला मिळतो. केमो घेऊन ओकाऱ्या काढणाऱ्या पोराच्या आईला पाठ टेकायला एक बाक हवा म्हटले की दानशूरांना आयकराची सवलत आठवते.

परळचे टाटा कॅन्सर रुग्णालय १९४१ सालचे. देशभरातून माणसे तिथे येतात, आणि उपचार महिनोन्‌महिने चालत असल्याने सुटकेस, स्टोव्ह, फायलीची पिशवी घेऊन बाहेरच्या फुटपाथवर संसार मांडतात. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा अशा कितीतरी कुटुंबांना सांभाळते, पण एका धर्मशाळेने असे किती पुरे पडावे? बाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. आपण त्यांच्या जयंतीला झाडू हातात धरून फोटो काढले.

तरी पैशाची टंचाई समजू शकते. मनाच्या टंचाईला काय म्हणावे? २०२१ साली म्हाडाने लालबाग-परळ भागातली १०० घरे टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचे ठरवले. घरे तयार होती, एक वीटही रचायची नव्हती. त्या इमारतींतल्या रहिवाशांनी हरकत घेतली. इमारतींची नावे, वाचकहो, सुखकर्ता आणि विघ्नहर्ता! कॅन्सर शेजाऱ्याला लागत नाही, हे शाळकरी पोराला कळते. मग भीती कशाची होती? जिन्यात केस गेलेली बाई दिसेल याची? की लिफ्टमध्ये कोणा खेडवळ माणसाशी दोन शब्द बोलावे लागतील याची? आणि हे सारे त्या लालबाग-परळात, जिथे गिरणीकामगाराच्या दहा बाय दहाच्या खोलीत गावाकडचे आजारी आणून ठेवले जात आणि चाळ त्यांना डबा पुरवत असे. त्याच कामगारांची पोरे-नातवंडे आता सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज करू लागली आहेत.

स्थानिक आमदारांनी या तक्रारीची री ओढली आणि मुख्यमंत्र्यांनी वाटपाला स्थगिती दिली. लगोलग भोईवाड्यातली दुसरी १०० घरे देण्याचे जाहीर झाले. घरांचा प्रश्न तिथे मिटला. हरकत मात्र शाबूत राहिली, आणि ती खोडून काढायला त्या सोसायट्यांच्या दारात कोणी पुढारी गेला नाही.