स्वस्त दात आणि हरवलेला उपस्थाता

नाताळच्या अथवा उन्हाळ्याच्या सुटीत मायदेशी आलेली परदेशस्थ मंडळी आप्तांच्या भेटीगाठींबरोबर दातांची कामेही उरकून घेतात, हे नागपूरकरांना नवे राहिलेले नाही. त्यांना दोष देता येत नाही. अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी मंजूर झालेल्या 'मेडिकेअर' योजनेतून दातांचे नित्य उपचार वगळले गेले व मूळ योजनेत ते आजही नाहीत. ब्रिटनमध्ये १९४८ साली मोफत सुरू झालेल्या दंतसेवेत १९५१ पासून कवळीसाठी शुल्क आकारले जाऊ लागले. म्हणून अमेरिकन रुग्ण मेक्सिकोच्या सीमेवरील लॉस अल्गोदोनेस गाठतो, ऑस्ट्रियातील रुग्ण हंगेरीत जातो आणि आपला माणूस धरमपेठेत येतो. १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय असलेल्या या शहरात निष्णात दंतवैद्यांची वाण नाही. तेव्हा किंमत आणि कौशल्य यांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती घाईविषयी.

कृत्रिम दंतमूळ, म्हणजे इम्प्लांट, याचेच उदाहरण घ्या. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे असे मूळ बसविले. अस्थी व धातू यांचा सांधा पक्का होण्यास खालच्या जबड्यात सुमारे ३ व वरच्या जबड्यात सुमारे ६ महिने द्यावेत, असा त्या पद्धतीचा मूळ दंडक. आज निवडक रुग्णांत हा काळ कमी करता येतो. परंतु अस्थिधातूची गती विमानाच्या परतीच्या तिकिटावर ठरत नाही. सुटी असते ३ आठवड्यांची. पुढे हिरडी सुजली वा मूळ हलू लागले, तर तिकडचा दंतवैद्य दुसऱ्याच्या अर्धवट कामास हात लावण्यास कचरतो.

वैद्यबंधूंनो, चरकाचार्यांनी सांगितलेले चिकित्सेचे चार पाद आपणांस पाठ आहेत. भिषक् व द्रव्य नागपुरात उत्तम मिळतात. रोगी परत जातो. आणि उपस्थाता, म्हणजे उपचारानंतर सांभाळणारा, कोणत्याच देशात नसतो. तीन पायांवर उभी राहिलेली ही चिकित्सा कितीही स्वस्त असली, तरी ती अपुरीच होय.

येथे आपले कर्तव्य सुरू होते. कुटुंबाचा वैद्य या नात्याने 'चांगला दंतवैद्य सुचवा' ही विचारणा पुष्कळदा प्रथम आपल्याकडेच येते. अशा वेळी रुग्ण पाठविण्याबद्दल 'कट' घेणे कटाक्षाने टाळावे, कारण ज्याने मोबदला घेतला त्याला 'थांबा' म्हणण्याचा अधिकार उरत नाही. चरकांनी रोग्याच्या गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था नीट सांगता येणे, गणले आहे. त्याला आपण साह्य करावे. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, अस्थिक्षयावरील औषधे यांची नोंद असलेली चिठ्ठी रुग्णाच्या हाती द्यावी. क्ष-किरण चित्रे, इम्प्लांटची बनावट व माप, केलेल्या कामाचा तपशील हे सर्व रुग्णाने सोबत न्यावे असा आग्रह धरावा. काम दोन फेऱ्यांत विभागण्याजोगे असेल तर तसे स्पष्ट सुचवावे. आणि एका भेटीत सगळे तोंड नवे करून देण्याचे आश्वासन मिळत असेल, तर सावध करावे.

परदेशी रुग्ण येतात, शहरात पैसा येतो, मग आपण मोडता का घालावा, असे काही मित्र विचारतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की हीच कसोटी उद्या आपल्यालाही लागणार आहे. २०२३ साली केंद्र शासनाने परदेशी नागरिकांसाठी स्वतंत्र आयुष व्हिसा सुरू केला. शोधनानंतर प्रधान शुद्धीत ७ दिवसांचा संसर्जन क्रम सांगितला आहे. विरेचन होताच दुसऱ्या दिवशी रुग्णाला विमानात बसविणारा वैद्य इम्प्लांटची घाई करणाऱ्याला कोणत्या तोंडाने बोल लावणार?

म्हणून आपल्या संघटनेने दंतवैद्यांच्या स्थानिक संघटनेशी बोलून एक सामायिक उपचार-नोंदपत्र तयार करावे, अशी माझी सूचना आहे. एका कागदाने उपस्थात्याची उणीव पूर्ण भरून निघणार नाही. पण परक्या देशात रात्री दात ठणकू लागल्यावर तेथील दंतवैद्यासमोर ठेवण्यास रुग्णाच्या हाती काहीतरी असेल.