कण नवा, पण औषध नवे आहे का?

एकच कण कर्करोगाची गाठ दाखवणार आणि तोच ती मारणार, अशा नॅनोतंत्रज्ञानाच्या बातम्या अधूनमधून झळकतात. विज्ञानाचे स्वागत आपण करतोच. परंतु डोळे दिपवून घेणे म्हणजे विज्ञाननिष्ठा नव्हे. या कणावर मालकी कोणाची आणि त्याची किंमत कोण ठरवणार, हेही विचारावे लागेल.

आधी विज्ञान पाहू. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे, मेंदूत कर्करोग पसरलेल्या १५ रुग्णांना गॅडोलिनियम या धातूचे नॅनोकण शिरेतून देण्यात आले. या धातूमुळे एमआरआयमध्ये गाठ उजळून दिसते. शिवाय धातू जड असल्याने किरणोपचाराच्या वेळी तो किरण शोषून भोवती इलेक्ट्रॉन फेकतो आणि गाठीवरचा मारा वाढवतो. म्हणजे दोन्ही कामे खरोखरच एका कणाकडून होतात. काम मोलाचे आहे. मात्र पहिल्या टप्प्यातील अशी चाचणी मुख्यतः मात्रा सोसते की नाही हे पाहते. रुग्ण जास्त जगतो का, ते त्यातून सिद्ध होत नाही.

टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ साली आधीच्या दहा वर्षांचे संशोधन तपासले. ते बहुतेक उंदरांवरचे. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण निघाले अवघे ०.७ टक्के! शंभरातला एकही नाही. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहाच गिळून टाकतात.

आता कायदा. जुन्या औषधाचे नवे रूप गुणात खरेच सरस नसेल तर ते जुनेच समजावे, असे आपल्या पेटंट कायद्याचे २००५ साली दुरुस्त झालेले कलम ३(डी) सांगते. त्या रूपांच्या यादीत कणाचा आकारही स्पष्टपणे नोंदलेला आहे. गुण म्हणजे रोगावर उपचार करण्याचा गुण, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक प्रकरणात १ एप्रिल २०१३ रोजी ठरवून दिले. डॉक्सोरुबिसिन हे जुने औषध मेदाच्या सूक्ष्म पुडीत भरून अमेरिकेत १९९५ साली डॉक्सिल म्हणून आले. त्याने हृदयाला होणारी इजा कमी झाली, हा फायदा खराच. पण उद्या असल्याच पुडीला चकाकणारा कण चिकटवून कोणी वीस वर्षांची मक्तेदारी मागितली तर? गाठ स्पष्ट दिसली म्हणजे रोगी बरा झाला काय? ग्रेनोबलच्या कणासारखे काही नवे असेल, तर त्याला पेटंट जरूर मिळो. नव्या वेष्टणाला नको.

मक्तेदारी म्हणजे काय, हे नेक्साव्हारने दाखवले आहे. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. २०१२ साली सरकारने नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध ८,८८० रुपयांत देण्याचे ठरले. परळच्या फूटपाथवर मुक्काम टाकून उपचार घेणाऱ्या कष्टकऱ्याला हे ८,८८० सुद्धा जड जातात, ही गोष्ट वेगळीच.

ग्लिव्हेकच्या अर्जावर मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंट मिळण्यापूर्वीच हरकत घेतली होती. कायद्याने कोणाही व्यक्तीसाठी हा दरवाजा उघडा ठेवला आहे. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने त्या हरकतीवर शुल्क लावले, आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधीच ठरवण्याचा अधिकार पेटंट नियंत्रकाला दिला. नॅनोकणांचे अर्ज मंजूर होण्याआधी ही दुरुस्ती मागे घ्यायला लावली पाहिजे.