एसी घेताना फिटरची पात्रता विचारा

चिकलठाणा वेधशाळेचा पारा चाळिशीपार गेला की जालना रोडवरच्या दुकानांत एसीसाठी गर्दी होते. गिऱ्हाईक कंपनी विचारतं, टन विचारतं, तारे मोजतं, हप्ता ठरवतं. यंत्र भिंतीवर चढवायला कोण येणार, त्याचं शिक्षण काय, हे मात्र बहुतेक कोणी विचारत नाही. "आमचा मुलगा येऊन लावून देईल," एवढ्यावर व्यवहार मिटतो.

खरं तर स्प्लिट एसी दुकानातून निघतो तेव्हा अर्धवटच असतो. आतलं युनिट वेगळं, बाहेरचं वेगळं. दोन्ही तांब्याच्या पाइपांनी जोडून तो पुरा होतो तुमच्या घरात, फिटरच्या हातून. एसी म्हणजे उष्णता आतून बाहेर नेणारा हीट पंपच. थंड देशांत हेच तंत्र उलट चालवून घर ऊबदार ठेवतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये घरगुती हीट पंपासाठी सरकार साडेसात हजार पौंडांचं अनुदान देतं, पण यंत्र एमसीएस प्रमाणपत्रधारकानं बसवलं असेल तरच. युरोपीय संघात तर या यंत्रांतल्या फ्लोरिनयुक्त वायूंना हात लावायलाच प्रमाणपत्र लागतं.

आपल्याकडे अशी अट अजिबात नवी नाही. छपरावरच्या सौर पॅनेलसाठी पीएम सूर्यघर योजनेचं 78,000 रुपयांपर्यंतचं अनुदान हवं असेल, तर काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यावं लागतं. एसी बसवणाऱ्याला मात्र असं कुठलंही प्रमाणपत्र सक्तीचं नाही. 2019 च्या राष्ट्रीय शीतलीकरण आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. म्हणजे शिकण्याची सोय आहे. शिकलेलाच माणूस पाठवा, असं दुकानाला बजावणारं कोणी नाही.

न शिकलेला हात नेमकं काय बिघडवतो? पाइप जोडल्यावर त्यात हवा आणि ओलावा अडकलेला असतो. तो काढायला व्हॅक्यूम पंप लावून पाइप पूर्ण निर्वात करावा लागतो, मग पंप बंद करून गेजचा काटा स्थिर राहतो का ते पाहावं लागतं. काटा हलला तर कुठेतरी लिकेज आहे. या कामाला वेळ लागतो. घाईतला फिटर पंप आणतच नाही. यंत्रातलाच थोडा गॅस सोडून तो हवा ढकलून देतो. गॅस तिथेच कमी होतो, ओलावा मागे राहतो. तो तेलात मिसळतो, आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर आतून खराब होत जातो. फ्लेअरचा नट अंदाजानं आवळला असेल तर तिथून गॅस झिरपत राहतो आणि दर उन्हाळ्यात "गॅस भरावा लागेल" हे ऐकावं लागतं. पाच ताऱ्यांसाठी मोजलेले जादा पैसे असे वाया जातात. शिवाय हल्लीच्या बऱ्याच एसींतला आर-32 हा वायू सौम्य ज्वलनशील आहे आणि काहींतला आर-290 म्हणजे चक्क प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला एक घटक. तो बंद खोलीत सोडणं धोक्याचंच.

विजेचं तसंच. एसीसाठी स्वतंत्र लाइन, योग्य एमसीबी आणि अर्थिंग हवं. नवी वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी, असा नियमच आहे.

बाहेरच्या युनिटची जागाही फिटरला कळायला हवी. एसीची क्षमता मोजतात बाहेर 35 अंश धरून. आपल्या मे महिन्यातल्या दुपारी, पश्चिमेच्या तापल्या भिंतीवर किंवा कोंदट डक्टमध्ये बसवलेलं युनिट त्याहून कितीतरी गरम हवा ओढतं. खोली थंड व्हायला वेळ लागतो, वीजबिल वाढतं.

दोष एकट्या फिटरच्या माथी मारणं मला पटत नाही. त्याला नगावर पैसे मिळतात. उन्हाळ्यात एका दिवसात जमतील तेवढी घरं उरकायची, वर तिसऱ्या मजल्यावर बेल्टशिवाय लटकायचं. पंप लावायला लागणाऱ्या वेळेचे पैसे त्याला कोण देतं? "फ्री फिटिंग"चा आग्रह धरणारे आपण तर नक्कीच नाही.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा: येणाऱ्या माणसाकडे आयटीआयचं किंवा कंपनीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे का, तो व्हॅक्यूम पंप आणि सेफ्टी बेल्ट आणणार आहे का. त्याचं नाव बिलावर लिहून घ्या. वेळ लागला तर लागू द्या आणि त्या वेळेचे पैसे आनंदानं द्या. शहरातल्या एसी विक्रेत्यांनीही या हंगामापासून प्रमाणित फिटरच पाठवावा, कायद्याची वाट पाहू नये.