जिंकलास का रे?

रविवारी सकाळी चिरंजीव मैदानावरून घरी येतात. गुडघे सोललेले, मोजे चिखलाने माखलेले. दारातच वडील मंडळींचा पहिला प्रश्न तयार असतो, "काय रे, जिंकलात का?" आणि दुसरा, "तू किती गोल मारलेस?" एवढे विचारले की चौकशी संपली! डाव्या पायाने चेंडू मारून पाहिलास का, समोरच्या गड्याला हुलकावणी देता आली का, खेळायला मजा आली का, हे कोणी विचारीत नाही. निकालाच्या दिवशी "कितवा आलास?" विचारण्याची आपली जुनी सवय मैदानापर्यंत पोहोचली आहे, इतकेच.

यात वावगे ते काय, असे कोणी म्हणेल. खेळ म्हटला की हारजीत आलीच. अगदी कबूल. पण आठव्या-दहाव्या वर्षी जिंकण्याची घाई केली, तर अठराव्या वर्षी हाती काय उरते? बेल्जियम नावाच्या चिमुकल्या देशाला हा प्रश्न एकदा फार झोंबला होता. आकाराने हा देश महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश आणि वस्ती मुंबईहूनही कमी!

२००० साली युरोपच्या फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी मिळून घेतले होते. बेल्जियमने पहिल्या सामन्यात स्वीडनला हरविले. पण मग इटलीने २-० आणि तुर्कस्ताननेही २-० असे नमविले. स्पर्धा आपल्या अंगणात आणि आपणच पहिल्या फेरीत बाहेर! लग्न आपल्या मांडवात असावे आणि पंक्तीतून आपल्यालाच उठविले जावे, तशातली गत झाली.

अशा वेळी शिक्षक बदलावा, कप्तान बदलावा, हा सोपा रिवाज. तिथल्या फुटबॉल संघटनेचे तांत्रिक संचालक मिशेल साब्लाँ यांनी मात्र पोराटोरांच्या खेळाकडे नजर वळविली. निरनिराळ्या वयोगटांतील मुलांचे सुमारे १,५०० सामने चित्रित करून विद्यापीठाच्या अभ्यासकांकडून ते तपासून घेतले. निष्कर्ष असा निघाला की, जिंकण्यावर भर फार आणि मुले घडविण्यावर फार थोडा.

हे कसे होते ते पाहा. प्रचंड मैदान, एकेका बाजूला अकरा पोरे, चेंडू एकच. शिक्षकाला सामना जिंकायचा आहे. मग तो त्यातला थोराड मुलगा पुढे उभा करतो आणि बाकीच्यांना बजावतो, "चेंडू मिळाला की लाथाडा त्याच्याकडे!" सामना जिंकला जातो, चषकासह छायाचित्र निघते, पालक खूश. पण लहानखुरी पोरे बाकावर बसून राहतात आणि त्यांच्या पायाला चेंडूची ओळखच होत नाही. त्या थोराड मुलाचेही भले होत नाही. चार वर्षांनी बाकीचे उंचीने त्याला गाठतात, तेव्हा त्याच्यापाशी ना हुलकावणी, ना युक्ती!

बेल्जियमने उपाय योजला तो साधाच. अगदी लहानग्यांनी दोघांविरुद्ध दोघे खेळायचे, मग पाचांविरुद्ध पाच, पुढे आठांविरुद्ध आठ आणि शेवटी अकरा. गडी कमी म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू अधिक. सात-आठ वर्षांखालील मुलांचे गुणतक्ते बंद केले. सुरुवातीला पुष्कळांनी नाके मुरडली, कुमारांच्या राष्ट्रीय संघांना पराभवही सोसावे लागले. पण धोरण सोडले नाही.

वयाचीही एक गंमत आहे. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. दहाव्या वर्षी ही तफावत थोडीथोडकी नव्हे! निवड होते ती बहुधा थोरल्याची, आणि त्याच्या वाढलेल्या अंगालाच आपण गुण समजतो. म्हणून बेल्जियमने उशिरा अंग धरणाऱ्या मुलांसाठी निराळे संघही काढले. ड्रीस मेर्टेन्स याला लहानपणी एका मोठ्या क्लबाने चणीने लहान म्हणून घरी पाठविले होते. तोच पुढे इटलीतील नापोली क्लबासाठी सर्वांत जास्त, १४८ गोल करणारा खेळाडू ठरला.

२०१५ साली जागतिक क्रमवारीत बेल्जियम पहिला आला. २०१८च्या विश्वचषकात त्याने ब्राझीलला २-१ असे हरविले आणि तिसरा क्रमांक पटकावला. त्या संघातले एडन हॅझार्ड आणि केव्हिन डी ब्रॉयना २००० साली नऊ वर्षांची पोरे होती. सारे श्रेय एकाच उपायाला देणे बरे नव्हे. हॅझार्ड तर चौदाव्या वर्षीच फ्रान्समधल्या लील क्लबात शिकायला गेला होता. शिवाय विश्वचषक बेल्जियमला मिळालाच नाही आणि २०२२ साली तो संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. पी हळद आणि हो गोरी, असे मुले घडविण्याच्या कामात होत नाही. पण एकदा शिकलेला खेळ मात्र पायातून जात नाही.

आता आपल्या घराकडे वळू. वयाचे दाखले खालीवर करून मोठी मुले लहानांच्या संघात घुसविण्याचा रोग आपल्या मैदानांना जडला आहे. त्याचे मूळ या चषकाच्या हव्यासातच नाही का? आणि सभ्य घरांतली आपली तऱ्हा काय? दिवाळीतल्या किल्ल्यांची स्पर्धा आठवा. मुलाने मातीत हात घातला की बाबा म्हणतात, "सरक, तुला जमणार नाही." मग बाबाच बुरूज बांधतात, आई अळीव पेरते, मावळे बाजारातून येतात. पहिले बक्षीस मिळते. ज्याचा म्हणून तो किल्ला, तो बिचारा बादलीतून पाणी आणण्याचा धनी! मैदानाच्या कडेला उभे राहून "पास दे, पास दे!" म्हणून ओरडणारे पालक दुसरे काय करीत असतात?

मुलांनी हरायला शिकावे, असे आमचे म्हणणे नाही. गोल किती झाले ते मुले आपणहून मोजतात, हरली तर रडतात, आणि भेळ समोर आली की विसरतातही! विसर पडत नाही तो आपल्याला. म्हणून मुलामुलींना शिकवणीला घालताना त्या वर्गाच्या कपाटात चषक किती, हे मोजू नका. तिथली सगळी मुले सामन्यात खेळतात की निम्मी बाकावर बसतात, आणि चुकलेल्या पोराला शिक्षक काय म्हणतात, एवढे पाहून या.

आणि या दिवाळीच्या सुटीत एक चेंडू घरी आणा. बिल्डिंगच्या आवारात चार चपलांचे दोन गोल करून मुलांना दोघांविरुद्ध दोघे खेळू द्या. शिटी घेऊन मध्ये जाण्याचा मोह मात्र कृपा करून आवरा!