"३३० लावून टाक!"

मंडळी, एलईडीला कुठला रेझिस्टर लावायचा असं कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: "३३० लावून टाक!" सप्लाय किती व्होल्टचा? एलईडी लाल की निळा? काही विचारणं नाही. वैद्याने नाडी न बघताच पुडी बांधावी तसं. आणि सांगणारा बहुतेक वेळा माझ्यासारखा डिग्रीवाला इंजिनिअर!

३३० ओहम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ५ व्होल्टवर लाल एलईडी असेल तर झकास. एलईडी साधारण २ व्होल्ट स्वतः घेतो, उरले ३. त्याला ३३० ने भागा, ९ मिलीअँपिअर. पण तोच जोड १२ व्होल्टवर लावा. उरतात १० व्होल्ट, म्हणजे ३० मिलीअँपिअर. साध्या ५ मिमी एलईडीची मर्यादा साधारण २०! शिवाय रेझिस्टरमध्ये ०.३ वॅट उष्णता, आणि आपण आणलेला असतो पाव वॅटचा. उलट ३.३ व्होल्टवर निळा एलईडी लावा. तो स्वतःच ३ च्या आसपास घेतो, मग जेमतेम १ मिलीअँपिअर. दिवा मिणमिणतो आणि आपण दुकानदाराशी भांडायला जातो.

"अरे पण चालतंय ना?" हा आपला लाडका युक्तिवाद. चालतंय, कारण एलईडी लगेच मरत नाही. तो हळूहळू मंद होतो, मग कधीतरी जातो. तोवर सांगणारा पसार.

"मग नेटवर कॅल्क्युलेटर आहे की!" आहे. पण तो तुम्ही दिलेल्याच आकड्यांवर चालतो. बाईकच्या टेललाइटसाठी तीन पांढरे एलईडी एका माळेत घ्या, प्रत्येकी ३.२ म्हणजे ९.६ व्होल्ट. बॅटरी १२ ची, उरले २.४. २० मिलीअँपिअरसाठी उत्तर १२० ओहम. गणित बरोबर, पण इंजिन चालू झालं की चार्जिंगचं व्होल्टेज १४.४ पर्यंत जातं. आता उरले ४.८, आणि करंट थेट ४० मिलीअँपिअर. दुप्पट! हिशोब १४.४ धरून केला तर २४० येतात. बाजारात सहज मिळणारा पुढचा २७० घ्या, विषय संपला. नाहीतर रात्री घाटात तो दिवा गेला, की मागच्या ट्रकवाल्याला तुमचं सूत्र दिसणार नाहीये.

सूत्र दहावीतलं आहे, अवघड काहीच नाही. अवघड आहे ते प्रश्न विचारणं. सप्लाय जास्तीत जास्त किती? एलईडी किती घेतो? करंट किती हवा? रेझिस्टर किती तापेल? चारच प्रश्न. रेझिस्टर तर बुधवार पेठेत कटिंग चहापेक्षाही स्वस्त मिळतो, तेव्हा पैशाची सबब नको.

कोडमध्ये कुणी कारण न देता ३३० लिहिलं तर रिव्ह्यूमध्ये आपण त्याची सालटी काढतो. मग ब्रेडबोर्डवर एवढी दयामाया का? पुढच्या वेळी कुणी "३३० लावून टाक" म्हणालं, की एवढंच विचारा: "किती व्होल्टवर?"