खेळ ही चैन नाही, आपल्या मुलांचा हक्क आहे

सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. मी जबलपूरमध्ये समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय, इथल्या उच्च न्यायालयाचे निकाल आजही मुख्यतः इंग्रजीतच येतात. म्हणजे इंग्रजी हवी की नको, हा प्रश्नच नाही. आपल्या वस्तीतल्या मुलाला ती कशी मिळते, हा आहे.

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी आहे, तिथलं मूल ती चित्रांच्या पुस्तकांतून, ठोकळ्यांतून, खेळता खेळता उचलतं. आपल्याला ती मिळाली फळ्यावरचं उतरवून, एकेक स्पेलिंग दहादा लिहून. मग मुलाखतीत शब्द अडतो आणि लोक म्हणतात, ‘मेरिट नाही.’

खेळाला महागडं साहित्य लागत नाही. बाटल्यांच्या झाकणांवर अक्षरं लिहा. ‘कॅट’मधलं पहिलं झाकण बदललं की ‘बॅट’, पुन्हा बदललं की ‘रॅट’. मूल स्वतःच्या हाताने शब्द घडवतं. चुकलं तर मार खात नाही, झाकण बदलतं. शिवाय सगळ्यांचे हात त्याच झाकणांना लागतात. कुणी कुणाला शिवायचं, कुणी मागे बसायचं, ही सवय इथे मोडू शकते. मात्र शिक्षकाने जोड्या मुद्दाम बदलत ठेवायला हव्यात.

कृतीतून शिकवणं ही मेहेरबानी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ तेच सांगतं. गावी गेलात की शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना ते वाचून दाखवा. घरातल्या पहिल्या पदवीचा एवढा उपयोग तर व्हायलाच हवा.